ब्लॅक सोल्जर फ्लायच्या (बीएसएफ) नावाखाली घरमाशीच्या अळ्या विकल्या, सोलापूरकरांनो पैसे द्यायच्या आधी वाचा

ज्यांच्याकडे गावरान कोंबड्या आहेत, घरी ऑस्कर किंवा अरोवाना मासा पाळलाय, नाहीतर रविवारी हिप्परगा तलावावर गळ टाकून बसता, त्यांनी हे नीट वाचा, कारण या अळ्या विकणारा माणूस नेमका अशाच लोकांना गाठतोय. नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

स्कीम अशी की ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे बीएसएफ या काळ्या माशीच्या जिवंत अळ्यांचं किट घ्यायचं, मार्केट यार्डातला सडका भाजीपाला, हॉटेलचं उरलेलं अन्न घालून वाढवायच्या आणि वाढलेला माल तो विकणाराच किलोवर परत घेणार, कोंबडीखाद्य आणि मासे पकडायचं आमिष म्हणून पुढं विकणार. स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. धंदा मुळात खोटा नाही हो, हे आधी सांगतो. बीएसएफच्या सुक्या अळीत साधारण 40 टक्के प्रोटीन असतं, कॅल्शियम भरपूर, कोंबड्या तुटून पडतात. खरी वस्तू चांगली आहे म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवता येतं.

माझ्याकडून 18,000 रुपये घेतले आणि झाकणाला भोकं पाडलेले टब आणून दिले. आत भुश्यात वळवळणाऱ्या पांढऱ्याफेक अळ्या, गुळगुळीत, एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला चपट्या, त्या चपट्या टोकावर दोन काळे ठिपके. मी विचारलं तर म्हणे लहान आहेत, मोठ्या झाल्या की रंग बदलतो. आठवडा पण झाला नाही तोवर सगळ्या आखडून लालसर तपकिरी कोष झाले आणि त्यातून काय निघालं तर साध्या घरमाश्या! अख्खं शेड, आमचं स्वयंपाकघर, शेजारच्यांचं घर, सगळीकडं माश्याच माश्या, शेजारच्या काकू भांडायला आल्या ते वेगळंच. बीएसएफची माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, ती जवळपास काही खातच नाही त्यामुळं अन्नावर घोंगावत नाही, आठवडाभर जगते आणि मरते. तिची अळी मळकट रंगाची, चपटी, अंगावर वळ्या असलेली, कातडं कडक. वाढायला दोन-तीन आठवडे घेते आणि शेवटी काळपट होऊन स्वतःच खाद्यातून बाहेर सरकायला लागते. घरमाशीची अळी पण कोष व्हायच्या आधी कोरड्या जागी सरकते, पण अळी असेपर्यंत ती मऊ आणि पांढरटच राहते.

आता खरी मेख ऐका. त्या स्टॅम्प पेपरवर बारीक अक्षरात लिहिलंय की 18 मिमीच्या वरचाच माल परत घेतला जाईल. बीएसएफची अळी 20 मिमीच्या वर पण जाते, पण घरमाशीची अळी कितीही खाऊ घाला, 12 मिमीच्या आसपास थांबते. म्हणजे जो माल त्यानं दिला तो त्याच्या अटीत कधीच बसणार नव्हता, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. फोन केला तर म्हणतो सोलापूरचं ऊन जास्त, तुम्ही टब तापवले, चूक तुमची. नंतर नंबरच ब्लॉक. अक्कलकोट रोडचा पत्ता दिलेला, तिथं शटर बंद, आजूबाजूच्या कुणालाच तो माणूस माहीत नाही.

आधी इमू पक्षी पाळायच्या स्कीम झाल्या, 2019 ला सांगलीकडं कडकनाथ कोंबड्यांचं झालं, तिथं पण परत घ्यायची गॅरंटी हाच गळ होता, लोकांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

कुणाला खरंच हे करायचं असेल तर व्हिडिओवर जाऊ नका, जागेवर जाऊन जाळीचा पिंजरा बघा. काळ्या माश्या उडताना दिसल्या पाहिजेत, लाकडी पट्ट्यांच्या फटीत घातलेली अंडी दिसली पाहिजेत. पिंजरा दाखवायला नाही म्हणाला तर त्याच्याकडं ब्रीडिंगच नाही, उठून या.

ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनी चॅट डिलीट करू नका, टबातल्या अळीचा पट्टीजवळ ठेवून फोटो काढा, लांबी दिसली पाहिजे. पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. पोटापाण्यासाठी स्वतः राबून हा जोडधंदा करत असाल तर ग्राहक आयोगात पण जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं पण नाही. आणि त्या कागदावरची मिमीची अट पोलिसांना बोट ठेवून दाखवा, नाहीतर ते धंद्यातला तोटा म्हणून परत पाठवतात, मला पहिल्यांदा तसंच पाठवलेलं.