अमळनेरचा सूत्रपाठ वर्ग: ३०० रुपयांत काय मिळालं

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्याला वेळ असेल त्याने पुढे वाचावं. पैसे वसूल. पाठ दुखली ती वेगळी.

वर्ग सूत्रपाठाचा, म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या वचनांच्या संग्रहाचा. रविवारी चार ते सहा, एका मंगल कार्यालयाच्या माडीवर. फीमध्ये झेरॉक्सची वही आणि मधल्या सुट्टीत चहा. शिकवणारे महानुभाव पंथातले बाबा साठीच्या पुढचे आहेत. आवाज खणखणीत, त्यामुळे माइक बिघडला तरी अडत नाही, आणि तो बिघडतोच. प्रताप शेठजींनी १९१६ साली ज्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या गावात असा वर्ग लग्नाच्या तिथी सांभाळून भरतो, याचं मला हसू येतं. वैशाखात तर निम्मे रविवार बुडाले.

मी पंथातली नाही. आम्ही माळकरी. सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीचं पात्र माणसांनी भरतं तेव्हा आमचं घरही पाहुण्यांनी भरतं. सुरुवातीला ‘दंडवत प्रणाम’ हा पंथातला नमस्कार म्हणताना जीभ अडखळायची, पण गळ्यातली माळ बघून कोणी बाजूला बसवलं नाही.

आजवर ऐकलेल्या प्रवचनांत मला दोन गोष्टींचा कंटाळा आलाय. एक, ‘शास्त्रात लिहिलंय, करा.’ दुसरं त्याहून वाईट, ‘यामागे विज्ञान आहे बरं का.’ मग तुळस, तांब्याचा तांब्या, कानातले दागिने, सगळ्याला कुठल्यातरी परदेशी शास्त्रज्ञाने म्हणे मान्यता दिलेली. बाबा या दोन्ही वाटांनी जात नाहीत. ते आधी विचारतात, हे कोणाला सांगितलं? केव्हा? समोरच्याने काय विचारलं होतं?

या प्रश्नांना इथे आधारही आहे. स्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी गावोगाव फिरून, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी, जमवल्या. पुढे पंथातल्याच केसोबासांनी त्यातली वचनं वेगळी काढून सूत्रपाठ लावला. म्हणजे सूत्र मुळात कोणाशी तरी चाललेल्या बोलण्यातून उचललेलं. बोलणं गळून आज्ञा तेवढी हातात राहिली, की ती हेकट वाटते. आमचं कृषी केंद्र आहे म्हणून मला हे लवकर पटलं. मे महिन्यात कापूस लावू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि शेतकरी दुकानात येऊन खात्याला शिव्या घालतो. बोंडअळीला लागोपाठ खाणं मिळू नये, तिची साखळी तुटावी, हे त्याला समजावलं की शिव्या थांबत नाहीत, पण पेरणी थांबते.

सगळ्यात रंगला तो ‘महाराष्ट्रीं असावें’चा रविवार. कानड आणि तेलंग देशात जाऊ नका, ते विषयबहुळ, म्हणजे सुखोपभोगांनी भरलेले आहेत, असंही वचन आहे. मागून एक जिभाऊ उठले, “बाबा, मन्हा पोऱ्या सुरतले से. तो काय पापी व्हयना का?” हॉल हसला. खानदेशात ज्याच्या घरातलं कोणी सुरतेच्या लिंबायत-उधन्याला नाही असं घर शोधावं लागेल. बाबाही हसले आणि म्हणाले की स्वामी स्वतः भडोचचे, म्हणजे गुजरातेतलेच, तेव्हा सुरतेला घाबरू नका. मग सावकाश उलगडलं. आज्ञा घरदार सोडून भिक्षेवर फिरणाऱ्या शिष्यांना आहे. जिथे मन सुखाला चटावेल तिथे साधकाने राहू नये, हा तिचा गाभा. प्रांताचा अभिमान त्यात नाही. पोट भरायला लूमवर बारा तास उभं राहणाऱ्या पोराला ती कुठून लागू होणार? पण जिभाऊंच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवून ते म्हणाले, “विषयबहुळ देश आता इथे आलाय. याचं काय करता?” जिभाऊ खाली बसले.

‘तुमचेनि मुंगी रांड न होआवी’, म्हणजे तुमच्यामुळे मुंगीसुद्धा विधवा होऊ नये, या सूत्राला माझी खुर्ची जरा टोचू लागली. कीटकनाशक विकणारी बाई मी. मुंगी मारू नका, एवढं सांगून भागलं असतं, पण सूत्र मेलेल्या मुंगीच्या मागे राहिलेलीकडे बघतं. कोणीतरी उघडं पडेल, त्याला कारण तुम्ही होऊ नका. एका शेतकऱ्याने सरळ विचारलं, “मंग मी फवारनी बंद करी देऊ का?” बाबांनी हो म्हटलं नाही आणि गृहस्थाला सगळं माफ असंही म्हटलं नाही. लागेल तेवढंच, आणि मारताना आपण मारतोय हे ठाऊक असू द्या, एवढंच बोलले. मला हे अर्धवट वाटलं. तरी आता गंधाने किडीचे नर पकडणारे कामगंध सापळे लावलेत का, निंबोळी अर्क मारून पाहिला का, हे गिऱ्हाइकाला मी आधी विचारते. नवऱ्याच्या मते हा वर्ग धंद्याला महाग पडतोय.

बायकांनी आवर्जून ऐकावा तो विटाळाचा भाग. नाकातून शेंबूड येतो तसाच हाही शरीराचा स्राव, त्याला विटाळ कसला, असं स्वामींनी तेराव्या शतकात सांगून ठेवलंय. माझ्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “हे माझ्या सासूला ऐकवा.” सासू तीन खुर्च्या सोडून बसलेली होती.

आता तक्रारी. माहूर-कोल्हापूरला जाऊ नये, या वचनावर बाबांनी जेमतेम दहा मिनिटं दिली. ती स्थानं साधकाला विघ्न करतात, इतकं सांगून पान उलटलं. इथे बसलेल्यांपैकी कितीकांची कुलदेवी सप्तशृंगी, कोणाची माहूरची रेणुका. खरा पेच तिथेच होता. सुरतेला जितकं सैल केलं तितकं हेही करणार की नाही, आणि नसेल तर का नाही, हे विचारायला दोन हात वर होते. ते वरच राहिले. जिथे आज्ञा सोयीची तिथे प्रसंग उकलायचा आणि जिथे अडचणीची तिथे घड्याळ बघायचं, हे मला पटलं नाही. मी तसं त्यांना चहाच्या वेळी सांगितलंही. पुढच्या तुकडीत पूर्ण रविवार देतो म्हणाले.

वही सुधारायला हवी. झेरॉक्स फिकट, काही पानं तिरकी, आणि मूळ वचन कुठे संपतं, बाबांचं बोलणं कुठे सुरू होतं, तेच कळत नाही. अशा वर्गात ही चूक किरकोळ नव्हे. सकळ लिपीवर एक पान आहे, ते मात्र छान. ग्रंथ शतकानुशतकं या सांकेतिक लिपीत राहिले, त्यामुळे बाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाचताच आले नाहीत.

चहा गोडमिट्ट. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठीत कलंडणाऱ्या. पंखे दोनच चालतात, तेव्हा उन्हाळ्यात जाणार असाल तर पावणेचारला पोचा. नुसतं पुण्य जोडायला जाणाऱ्यांनी जाऊ नये, बाबा प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. नवीन तुकडी पोळ्यानंतर आहे. नाव मी दिलंय, माहूरचा रविवार कधी ते विचारून.