मानेला हात लावायच्या आधी प्रश्न विचारतात, पण काउंटरवरच्या पॅकेजपासून जपून

चार स्टार देतेय. पाचवा रिसेप्शनने घालवला, ते खाली सांगते.

ऑस्टिओपॅथीचं क्लिनिक आहे, ठाण्यात नौपाड्यात, लिफ्ट आहे पण पार्किंग विसरा, संध्याकाळी राम मारुती रोडला गाडी घेऊन आलात तर बरी झालेली कंबर पण परत धरेल, रिक्षाच बरी. माझा त्रास जुना, घोडबंदरवरून ऐरोलीला रोजचं जा-ये, खड्डे, वर दिवसभर खुर्ची, त्यामुळे सकाळी मोज्यात पाय घालायला वाकलं की कमरेत जी चमक यायची ती थेट कुल्ल्यापर्यंत. एमआरआयमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि गोळ्यांनी पित्त उसळायचं म्हणून शेवटी ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातानेच स्नायू-सांधे मोकळे करायची पद्धत, करून बघायचं ठरलं.

आता हे लोक नक्की कोण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली, १८९२ मध्ये तिचं कॉलेज काढलं, आणि आज अमेरिकेत डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची डिग्री घेतलेला, हा पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशन करतो. आपल्याकडे तसं नाही, मी बघितले ते सगळे फिजिओच, वरून ऑस्टिओपॅथीचा कोर्स केलेले, त्यामुळे पाटीवर डीओ दिसलं तर मूळ डिग्री काय ते सरळ विचारा. इथल्या मॅडमनी तोंड वाकडं न करता सांगितली, रजिस्ट्रेशन पण दाखवलं.

पहिल्या व्हिजिटला हात कमी आणि प्रश्न जास्त. कुठे पडलात का, वजन उगाचच उतरलंय का, रात्री दुखून जाग येते का, पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीवर कंट्रोल आहे ना, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मला वाटलं जरा अतीच करतायत, पण सोबत सासूबाई होत्या मान दाखवायला, त्यांची हाडं ठिसूळ आणि हार्टसाठी नेमकी तीच गोळी चालू. मॅडमनी फाईल चाळली आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या मानेला मी झटका देणार नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून घेऊही नका." सासूबाई नाराज, त्यांना रील्समध्ये येतो तसा कडकड आवाज हवा होता!! मॅडम म्हणाल्या तो आवाज सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा, हाड जागेवर बसल्याचा नाही. मग त्यांना फक्त डोक्याखाली हात धरून हळूहळू स्नायू सैल करून दिले. माझ्यासाठी पाच स्टारचं काम ते हेच, कारण मानेच्या झटक्याने क्वचित का होईना पण मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून स्ट्रोक येऊ शकतो, आणि हे रील्सवाले कोणी सांगत नाहीत.

माझं म्हणाल तर कुशीवर झोपवून गुडघा वाकवायला लावतात, त्यांच्या हाताला विरोध करत पाय दाबायचा, काही सेकंद धरायचा, सोडायचा, श्वास सोडताना त्या पाय अजून थोडा पुढे नेतात, परत तेच. कडकड आवाज न काढता कण्याच्या बाजूला अंगठा ठेवून नुसतं थांबणं पण असतं, तेव्हा मला वाटायचं बाराशे रुपये यासाठी?

त्या दिवशी संध्याकाळी मस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पहिल्यांदा जिम केल्यासारखं सगळं अंग ठणकत होतं, डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये पेंग. आधी सांगितलेलं होतं, एक-दोन दिवसांत जातं, गेलं पण. २०१८ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, १८४७ व्हिजिट्सचा, त्यात ट्रीटमेंट झाल्या झाल्या त्रास झालेल्या व्हिजिट्स फक्त २.५ टक्के, त्यातही सगळ्यात जास्त वेळा दुखण्याचाच. पण बघा, ते झाल्या झाल्या. माझा ठणका दुसऱ्या दिवशीचा, तो ह्या आकड्यात आलाच नसता. म्हणून कोणी २.५ टक्के दाखवलं तर कधी विचारलेलं ते पण विचारा. इथून मात्र दोन दिवसांनी फोन आला, कसं वाटतंय, काही बधिर वगैरे नाही ना. लघवी अडली किंवा जांघेत बधिर झालं तर आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटलला जा, हे छापून पण दिलंय.

फरक पडला का? मोज्याची चमक गेली, पेनकिलर जवळपास बंद झाली, पण खुर्चीत दोन तास झाले की कंबर आहेच. २०१३ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये, ४५५ जण होते, खऱ्या ट्रीटमेंटने ६३ टक्के लोकांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं आणि खोटीखोटी करून ४६ टक्के, म्हणजे नुसता हात लावला तरी निम्म्यांना बरं वाटतंय! २०२१ मध्ये फ्रान्समध्ये ४०० जणांवर केलं तर दुखण्यात खऱ्या-खोट्यात फरकच नाही, रोजच्या हालचालीत होता तोही अगदी किरकोळ. १९९९ ची जुनी ट्रायल मला जास्त पटते, तिथे एका गटाला ऑस्टिओपॅथी आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार दिले, दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं पण ऑस्टिओपॅथीवाल्यांना गोळ्या कमी लागल्या. माझं पण तेच झालं.

आणि आता तो पाचवा स्टार. काउंटरच्या मागे बोर्ड, स्लिप डिस्क, थायरॉईड, पीसीओडी, मुलांची एकाग्रता, सगळं मुळापासून बरं. थायरॉईड? कमरेला अंगठा लावून? वर दहा सिटिंगचं पॅकेज, आजच भरलं तर वीस टक्के ऑफ, पैसे परत नाहीत. आत मॅडम सांगतात गरज वाटली तर या, आणि बाहेर हे कार्ड मशीन पुढे करतात. मी एकेक सिटिंगचेच पैसे देते, कुरकुरतात पण घेतात.

शनिवारी जाऊ नका, गर्दी असते आणि मॅडमऐवजी ज्युनिअर सर मिळतात, ते स्वभावाने चांगले आहेत पण घाईत न विचारता मानेकडे वळतात. मी माझ्या फाईलवर मानेला झटका नको असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, तुम्ही पण पहिल्याच दिवशी लिहून घ्या.