सोलर ३ किलोवॅट, चौदा महिने: दाजींचा टोमणा आणि माझी वही

इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, एकोणीस दिवस बंद पडला म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर आळसच केला असता. गच्चीवर ५४० वॅटचे सहा पॅनल, बॅटरी नाही. सबसिडीचे ७८,००० वेळेत आले, त्यात तक्रार नाही. मीटर बसलं गेल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात.

तेव्हाच दाजी गच्चीवर चढले, पॅनलला टिचकी मारून म्हणाले, "हे बनवायला जेवढी वीज जाळलीय, तेवढी हे जन्मात देणार नाही बघ." दाजींना उलट कसं बोलायचं? म्हणून वही घातली. रोज संध्याकाळी आकडा टिपायचा.

दाजींचं अगदीच चूक नाही. गारगोटी भट्टीत घालून सिलिकॉन काढायचं, ते शुद्ध करायला पुन्हा हजार अंशांच्या वर ताप, मग १,४१४ अंशांना वितळवून कांडी ओढायची. तिचे पापुद्रे कापताना बराच माल भुशात जातो. वर काच आणि ॲल्युमिनियमची चौकट. हे बहुतेक सगळं चीनमध्ये, तेही बरंचसं कोळशाच्या विजेवर. वीस वर्षांपूर्वी पॅनल बनवताना जाळलेल्या विजेची ही उधारी फिटायला तीन-चार वर्षं लागायची. आता पापुद्रे पातळ झाले, पॅनल जास्त वीज देतात, त्यामुळे आपल्यासारख्या उन्हाच्या गावात साधारण वर्षभरात फिटते. पॅनल टिकतो पंचवीस वर्षं.

यंदाच्या गड्ड्यापर्यंत वहीत ४,२७० युनिट. एवढी वीज इथल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीत, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रात काढायची तर साधारण तीन टन कोळसा लागेल. दाजींना वही दाखवली. ते म्हणाले, "चहा टाक."

माझाही एक गैरसमज होता. सोलापूरचं ऊन म्हणजे मे महिन्यात युनिटांचा पाऊस पडणार! कसलं काय. पॅनलची ताकद मोजतात ती २५ अंशांना, आणि मेमध्ये आपल्याकडे काच ६५-७० पर्यंत तापते. दर दहा अंशांना तीन-साडेतीन टक्के गळती. वहीत मेपेक्षा मार्च वरचढ निघाला.

आता खरी डोकेदुखी: धूळ. धुवायला पाणी आणायचं कुठून? नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं एवढं क्षाराचं की बादलीला पांढरी कड धरते. मी शहाणपणा केला, पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने पॅनल धुतले. फुकटचं पाणी! पण फिल्टर सगळे क्षार त्याच पाण्यात ढकलतो, हे दुसऱ्या दिवशी काचेवर रांगोळी उमटल्यावर कळलं. बायकोने तोवर त्याच पाण्याने फरशी पुसायचं बंद केलं होतं, पण मला सांगितलं नाही. मग एसीचं गळतं पाणी धरलं. ते उत्तम, जवळजवळ डिस्टिल्डच. पण एप्रिलच्या कोरड्या हवेत दिवसभरात तांब्याभर मिळतं, आणि जूनमध्ये बादली भरते तेव्हा पॅनल पाऊसच धुतो. आता सूर्य उगवायच्या आत मऊ झाडूने धूळ झटकतो, आणि पंधरवड्यातून एकदा पिण्याच्या पाण्याचा अर्धा जार खर्च करतो. जीव तुटतो, पण युनिट वाढतात.

आणि इन्व्हर्टर. या मार्चच्या तीन तारखेला लाल दिवा. बसवून देणाऱ्याला फोन केला तर "साहेब, तिकीट टाकलंय." पाचव्या दिवशीही तिकीटच. आठव्या दिवशी पोरगा आला, दोन फोटो काढले आणि गेला. बोर्ड बदलून मिळेपर्यंत एकोणीस दिवस, म्हणजे ऐन मार्चमधली अडीचशे युनिट गेली. वर्षात भरून येणारी पॅनलची उधारी केव्हाच फिटली. माझे सबसिडी वजा जाता १,१७,००० फिटायला बिलातल्या बचतीच्या हिशेबाने पाच वर्षं लागतील, त्यात हे.

पॅनलला पाचपैकी पाच. बसवून देणाऱ्याला दीड, तोही पोरगा उन्हात गच्चीवर चढला म्हणून. वॉरंटीत असूनही भेटीचे ६०० रुपये मागितले, ते मी दिलेले नाहीत. सोमवारी पुन्हा फोन येणार आहे.