चॅटबॉटचं लिमिट सारखं संपतंय: सबस्क्रिप्शन ठेवू, एपीआय घेऊ की मॉडेल आपल्याच मशीनवर चालवू?

दर महिन्याला पैसे भरायचे आणि ऐन कामात लिमिट संपलं, नंतर या असं वाचायचं, ही चिडचिड मला पक्की माहितीये. मागे एक लांबलचक रिपोर्ट अर्धा तपासून झाला होता, तेव्हा चार तास नुसतं बसून राहावं लागलं आणि परत सुरू केलं तर सगळी लिंक तुटलेली. पण सबस्क्रिप्शन रागात बंद करू नका, आधी नक्की काय खुपतंय ते बघा, कारण लिमिट कमी पडणं वेगळं आणि उत्तरं चुकणं वेगळं, दोन्हीवर उपाय एक नाहीये.

सबस्क्रिप्शनमध्ये सगळं तयार मिळतं, फाइल टाका, सर्च करा, जुन्या चॅट सापडतात. खटकतं ते हे की नक्की किती मिळणार याचा भरवसा नसतो. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीमध्ये जीपीटी-४ हे नवं मॉडेल आलं तेव्हा पैसे भरणाऱ्यांनाही काही दिवसांतच ३ तासांत २५ मेसेजवर आणलं होतं, मग जुलैमध्ये ५० केले. क्लॉड या दुसऱ्या चॅटबॉटला दर ५ तासांचं लिमिट होतंच, ऑगस्ट २०२५ पासून वर आठवड्याचंही लिमिट आलं. म्हणजे आज जे बघून तुम्ही प्लॅन घेताय तेच सहा महिन्यांनी असेल असं धरून चालू नका.

आता लिमिट इतक्या लवकर का संपतं, तर मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटमागच्या एआयला, स्वतःला मागचं काही आठवत नसतं, प्रत्येक मेसेजला अख्खी चॅट आणि जोडलेली फाइल परत त्याच्यासमोर ठेवली जाते. चाळिसावा प्रश्न दोन ओळींचा असला तरी मागचे एकोणचाळीस आणि त्यांची उत्तरं त्याच्यासोबत जातात. मला हे कळल्यावर मी विषय बदलला की चॅट बदलायला लागले, आधीच्या चॅटकडून दहा ओळींचा सारांश घ्यायचा आणि नव्या चॅटमध्ये टाकायचा, आणि खरंच बराच फरक पडला, तेव्हा महागडा प्लॅन घ्यायच्या आधी हे आठवडाभर करून बघाच.

एपीआय म्हणजे कंपनीचं तेच मॉडेल दुसऱ्या ॲपमधून वापरायची सोय. त्यात मीटर चालतं, जेवढे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे) तेवढे पैसे, आणि उत्तराचे टोकन प्रश्नाच्या टोकनांपेक्षा महाग. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यायला हवं, देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. सुधारणा झालीये म्हणा, मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ते बनवणाऱ्या ओपनएआयने दाखवलेला मराठी नमुना ९६ टोकनांवरून ३३ वर आला होता, पण मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो. महिन्यातून चार-पाच दिवसच भरपूर काम आणि बाकी शांत, असं असेल तर मी एपीआयच सांगेन. फक्त पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा लावून ठेवा, आणि चॅट करायला वेगळं ॲप जोडावं लागतं त्याची तयारी ठेवा.

आपल्या मशीनवर चालवायचं तर ओलामा किंवा एलएम स्टुडिओ असं मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर टाकायचं. मेटा कंपनीच्या लामा ३.१ चं ८ अब्ज पॅरामीटरवालं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे) मॉडेल ४-बिटमध्ये, म्हणजे ते आकडे दाबून लहान केल्यावर, साधारण ५ जीबीचं होतं, १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं, लिमिट नाही आणि मजकूर बाहेर जात नाही. पण मराठी कच्चं आहे, लांब मजकुरात भरकटतं. गोपनीय कागद असतील तर हेच घ्या, नाहीतर मुख्य काम याच्या भरवशावर टाकू नका.

आणि तुमची तक्रार चुकीच्या उत्तरांची असेल तर या तिन्हींत पैसे टाकून ती जाणार नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे निवाडे दाखल केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. नवी मॉडेलं सुधारलीयेत, तरी नावं, तारखा, संदर्भ आजही स्वतःच तपासावे लागतात, आणि तो वेळ हिशोबात धरूनच ठरवा.

रोज थोडं थोडं काम असेल तर सबस्क्रिप्शनच परवडतं, माझंही तेच चालू आहे. फक्त वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसला तरी घेतला नाही, महिन्याचाच ठेवलाय, म्हणजे लिमिट परत कमी केलं तर त्याच महिन्यात सोडता येईल.