तारखेप्रमाणे चार खून : सामायिक वाचन-तक्त्याचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या आजीच्या गुरुचरित्राच्या पोथीत एक चिठ्ठी असायची : ९, २१, २९, ३५, ३८, ४३, ५३. सप्ताहात रोज कुठल्या अध्यायापर्यंत जायचं, त्याचे आकडे. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी बारा, पाचव्या दिवशी मात्र तीनच. लहानपणी मला ही वाटणी ओबडधोबड वाटे. २०२५मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर आम्ही चौघांनी अमेरिकेच्या खून झालेल्या चार राष्ट्राध्यक्षांवरची पुस्तकं एका तक्त्यावर वाचली, तेव्हा समान पानांच्या हिशोबातला फोलपणा कळला.

तक्ता मावसबहिणीचा. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. साधी गुगल शीट : तारीख, त्या दिवशी काय घडलं, कुठलं प्रकरण, कोणाचं वाचून झालं, शेरा. तिची अट एकच. घटना ज्या तारखेला घडली, त्याच तारखेला ती वाचायची. पुढे पळायचं नाही. बाकी मंडळी म्हणजे मी, साताऱ्याचे एक निवृत्त सर आणि नाशिकची माझी डॉक्टर मैत्रीण.

लिंकनला हे छान जमलं. १४ एप्रिल १८६५ला रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ या नटाने त्यांच्यावर गोळी झाडली आणि २६ तारखेला व्हर्जिनियातल्या एका शेतावरच्या कोठारात तो मारला गेला. बारा दिवसांचा पाठलाग. जेम्स स्वॉन्सन यांचं ‘मॅनहंट’ त्या पाठलागाचंच पुस्तक आहे, त्यामुळे तक्ता जवळजवळ आयताच तयार होता. १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून सुरुवातही निवांत झाली. सरांनी शेऱ्यात लिहिलं की जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि आपण मात्र लिंकन फक्त शाळेच्या भिंतीवरच्या ‘हेडमास्तरांना पत्रा’पुरता ठेवला. (ते पत्र लिंकनचं असल्याचा काही पुरावा नाही. सरांनीच वर्षानुवर्षं ते वर्गात वाचून दाखवलंय, हेही त्यांनीच कबूल केलं.)

पहिली अडचण इथेच आली. कोणाकडे कागदी प्रत, कोणाकडे किंडल, मावसबहीण गाडी चालवताना ऐकणारी. पान नंबर कोणाचाच कोणाशी जुळेना. तिसऱ्या दिवशी पानांचा रकाना उडवला आणि प्रकरणं ठेवली. तक्ता कोणाबरोबर वाटून घेणार असाल तर हे आधीच करा. वेळेचा घोळ मात्र सुटला नाही : तिची १४ची रात्र म्हणजे आमची १५ची सकाळ.

तक्त्याची खरी कमाई गारफिल्डची. खरं सांगायचं तर सुरू करताना मला हा माणूस नावापलीकडे माहीत नव्हता. २ जुलै १८८१ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटोने त्यांना गोळी घातली आणि ते गेले १९ सप्टेंबरला. एकोणऐंशी दिवस. कँडिस मिलर्ड यांचं ‘डेस्टिनी ऑफ द रिपब्लिक’ एरवी मी चार रात्रींत संपवलं असतं. गोळीपर्यंतचा भाग जूनमध्ये उरकून उरलेलं एकोणऐंशी दिवसांवर पसरलं, तर रोज वाट्याला येत होती तीन-चार पानं. आणि ती तीन-चार पानंच अंगावर आली. आषाढी झाली, श्रावण लागला, राख्या झाल्या, गणपती बसले, आणि तो माणूस अजून खाटेवरच. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. ब्लिस न धुतलेलं बोट जखमेत घालून गोळी शोधतात. ब्रिटिश सर्जन लिस्टरची जंतुनाशक पद्धत तोवर युरोपात रुळत होती, पण अमेरिकेतले बरेच डॉक्टर तिला हसत होते. ग्रॅहॅम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन येतो, पण ब्लिस त्याला उजवीच बाजू तपासू देतात. गोळी होती डावीकडे. शिवाय गादीत लोखंडी स्प्रिंगा. नाशिकच्या मैत्रिणीचे शेरे जुलैत लांबलचक आणि तिखट होते, ऑगस्टच्या शेवटी नुसतं ‘आजही पू’ एवढंच. सुमारे २१० पौंडांचा माणूस १३०वर आला तो दिवस तिने कोराच सोडला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना समुद्रावर, न्यू जर्सीतल्या एल्बरॉनला हलवलं. बंगल्यापर्यंत गाडी जावी म्हणून लोकांनी रातोरात रूळ टाकले आणि चढावर इंजिन अडलं तेव्हा डबे हातांनी ढकलले. ते वाचलं त्याच रविवारी मावसबहीण तिकडे जाऊन आली, तिच्या घरापासून तासाभरावर. एक छोटा दगड आहे, बाकी सगळे बंगले.

याच दिवसांत तक्ता फसला. मॅकिन्लेंना बफेलोच्या प्रदर्शनात गोळी लागली ६ सप्टेंबर १९०१ला, मृत्यू १४ला. म्हणजे दोन राष्ट्राध्यक्ष एकाच आठवड्यात अंथरुणावर! वर त्या वर्षी ६ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी. कोणी काही वाचलं नाही. स्कॉट मिलर यांच्या पुस्तकाचा बराच भाग स्पेनशी झालेलं युद्ध आणि मारेकरी चोल्गोशचं कामगारांचं जग यांवर आहे. आठ दिवसांत ते बसवणं हा हट्टच होता. एवढं लक्षात राहिलं, की प्रदर्शन हजारो विजेच्या दिव्यांनी उजळलेलं आणि शस्त्रक्रियेला मात्र आरशाने सूर्यप्रकाश वळवावा लागला. आणि लिंकनचा मुलगा रॉबर्ट : वडिलांच्या उशाशी, गारफिल्डच्या स्टेशनवर आणि मॅकिन्लेंच्या बफेलोतही. सर त्याच्यासाठी वेगळा रकाना मागत होते.

केनेडींबाबत तक्ता वापरूच नये असं माझं मत झालं. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये गोळ्या, २४ला पकडलेला संशयित मारेकरी ओस्वाल्डही ठार. तारखा अडीच, पुस्तकं डोंगराएवढी. खुनाची चौकशी करणाऱ्या सरकारी वॉरन आयोगाचा एकटा अहवाल ८८८ पानांचा. प्रत्येकाने वेगळं पुस्तक उचललं आणि शेऱ्यांच्या रकान्यात वाचन थांबून वकिली सुरू झाली. एकाने १९७९च्या संसदीय समितीचा ‘बहुधा कट होता’ हा निष्कर्ष टाकला, दुसरीने १९८२मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचा ध्वनिमुद्रणाचा पुरावा खोडला ते टाकलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि आठवडाभर फोन बंद.

नात्यातल्या दोन मुलींनी आता तक्त्याची प्रत मागितली आहे. मॅकिन्ले मी ऑक्टोबरात सरकवला, चोल्गोशला २९ ऑक्टोबरला विजेच्या खुर्चीवर बसवलं तिथे संपेल असा. गारफिल्डला हात लावलेला नाही. केनेडींचं पान काढून टाकलं आणि २२ ते २५ नोव्हेंबर या ओळी कोऱ्या ठेवल्या.