टो-ब्रेक हवेत की जागचे न हलणारे? घरच्या सिम्युलेटरसाठी रडर पेडल्स

ट्विस्ट स्टिकवर, म्हणजे पिरगाळली की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) हलवणाऱ्या जॉयस्टिकवर, तुमचं भागत असेल तर पेडल्स घेऊ नका. टोमणा मारत नाहीये. ए३२० घेऊन मुंबई-दिल्ली करणाऱ्या, ऑटोपायलट लागला की चहा टाकायला उठणाऱ्या माणसाला रडर लागतो तो टेकऑफच्या धावेत आणि उतरताना अगदी शेवटी. तेवढं मनगट पिरगाळून होऊन जातं. वाचलेल्या पैशात चांगला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर) येईल.

भागत नाही हे कळतं ते सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात. ऑटो-रडर (सिम्युलेटरनं स्वतःच रडर सांभाळायची सोय) बंद करून फुल पॉवर दिली की नाक डावीकडे ओढ घेतं, आणि ते सावरायला स्टिक पिरगाळताना नकळत पंखही कलतो. नाहीतर मग पावसाळ्यात कळतं. मुंबईचा मुख्य रनवे ०९/२७ पूर्व-पश्चिम असल्यामुळे नैऋत्येचा वारा २७ वर निदान अर्धामुर्धा समोरून तरी मिळतो. पण कधीतरी तोच वारा घेऊन १४ वर, म्हणजे आग्नेयेकडे जाणाऱ्या दुसऱ्या रनवेवर, उतरून बघा. तिथे तो उजवीकडून जवळजवळ काटकोनात येतो. वाऱ्याकडे नाक करून तिरकं आणलेलं विमान टेकण्याआधी डाव्या रडरनं सरळ करायचं आणि त्याच वेळी उजवा पंख किंचित खाली धरायचा, म्हणजे एकाच मुठीत डावीकडे पिरगाळायचं आणि उजवीकडे झुकवायचं. मला ते कधी नीट जमलं नाही. जमणारे असतील, त्यांना नमस्कार. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

परवडण्याच्या टोकाला आहेत रुळांवर मागेपुढे सरकणारे प्लास्टिकचे सेट: थ्रस्टमास्टरचा टीएफआरपी आणि लॉजिटेकचा, जो पूर्वी सायटेक नावाने मिळायचा (सायटेक २०१६ मध्ये लॉजिटेककडे गेलं). दोन्हींत टो-ब्रेक आहेत, म्हणजे पंजा पुढे झुकवला की त्या त्या बाजूचा ब्रेक. दुसऱ्या टोकाला थ्रस्टमास्टरचा टीपीआर, वरून टांगलेल्या लोलकासारखी पेडल्स आणि सुमारे सात किलोचं धूड. त्याच पंगतीत क्रोएशियाचा एमएफजी क्रॉसविंड, ज्यात कॅम बदलून मधल्या स्थितीची पकड कमी-जास्त करता येते. आणि या सगळ्यांपासून जरा फटकून बसलेला व्हीकेबीचा टी-रडर. धातूचा, आटोपशीर, आणि टो-ब्रेक नाहीत. मुळातच नाहीत.

माझा कौल कुठे आहे हे शेवटपर्यंत लपवण्यात अर्थ नाही. मी सध्या टी-प्रकारचा वापरतो. पण त्याची कारणं तुम्हाला लागू पडतीलच असं नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात मी रुळांवरच्या सेटने केली होती. कुठल्या ते सोडा, कारण जे झालं त्यात कंपनीइतकाच आमच्या हॉलच्या फरशीचा हात होता. परदेशी रिव्ह्यू बघताना एक गोष्ट नजरेतून सुटते: त्या लोकांच्या पायाखाली गालिचा असतो. आपल्याकडे असते व्हिट्रिफाइड टाइल, तीही आईनं सकाळी फिनेल टाकून पुसलेली. १४ वर उतरतोय, विमान सरळ केलं, चाकं टेकली, इथपर्यंत सगळं ठीक. मग दोन्ही पंजांनी ब्रेक दाबले की सगळा सेट भिंतीकडे निघाला आणि खुर्ची चाकांवरून मागे. पाय ताणले जातात, टाचा उचलल्या जातात, आणि ताणलेल्या पायांनी दोन्ही बाजू सारख्या दाबल्या जात नाहीत. उजवा थोडा जास्त गेला की विमान उजवीकडच्या गवतात. मी तिकडे रिप्ले बघत बसायचो आणि आई इकडे विचारायची, "अरे, स्कर्टिंगला हे काळे पट्टे कसले?" सेटच्या पुढच्या कडेचं रबर भिंतीला घासून उमटलेले होते ते. अजून आहेत.

यात एक बारकावा आहे, तो मला उशिरा लक्षात आला. रडर वापरताना सेट फारसा सरकत नाही, कारण एक पाय पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येत असतो आणि जोर बेताचाच असतो. ब्रेकचं तसं नाही. दोन्ही पाय एकदम, पेडलच्या वरच्या कडेवर, पुढच्या दिशेनं. त्यात हलका प्लास्टिकचा सेट मागून किंचित उचललाही जातो, आणि उचलला की रबराची पकड संपली. म्हणजे सेट सरकण्याचं मुख्य कारण तेच टो-ब्रेक, ज्यांच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो.

उपाय आहेत, नाही असं नाही. कपाटाच्या खणात घालायची जाळीदार रबरी चटई खाली घातली की बरंच भागतं. मात्र धूळ बसली की ती धुवावी लागते, नाहीतर चटईच घसरते. खुर्चीची चाकं काढून साधे पाय बसवता येतात. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे जाड प्लायवूडची फळी घेऊन तिच्यावर सेट स्क्रूनं बसवायचा आणि खुर्चीही त्याच फळीवर अडकवायची. तुम्ही पायानं जेवढं पुढे ढकलता तेवढंच पाठीनं मागे रेटता, दोन्ही जोर फळीतल्या फळीतच जिरतात आणि काहीही हलत नाही. ओळखीचा सुतार एका दुपारीत करून देईल. पण रात्री गादी घालायच्या वेळी ती फळी उभी कुठे करायची हा प्रश्न सुतार सोडवत नाही. ज्यांच्याकडे सिम्युलेटरसाठी कायमचा कोपरा आहे, त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपला: फळी करा आणि टो-ब्रेकवाला सेट घ्या. माझ्याकडे कोपरा नाही. जेवणाचं टेबल रात्री साडेनऊनंतर कॉकपिट होतं आणि झोपण्याआधी पुन्हा जेवणाचं टेबल.

वजनदार सेटचा रस्ता इथे येतो. सात किलोचं धूड टाइलवर खरंच सहजी हलत नाही. एका ओळखीच्याकडे मी लोलकाचा प्रकार तास-दीड तास वापरून पाहिला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पायाला त्याच्याइतकं गुळगुळीत काही लागलेलं नाही. मधून जाताना अडखळत नाही, पाय नुसता टेकवून ठेवला तरी विमान ऐकतं. पैसे आणि जागा असेल तर तोच घ्या, मी अडवणार नाही. मात्र रोज रात्री उचलून कॉटखाली सरकवायचा असेल तर कंबरेचा विचार करा. बाहेरून मागवणार असाल तर आणखी एक गोष्ट: आपल्याकडे कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते. त्यामुळे जड वस्तूचा भुर्दंड दोनदा बसतो, आधी भाड्यात आणि मग भाड्यावरच्या ड्युटीत.

आता टी-रडर. याच्यात पाय गुडघ्यापासून मागेपुढे जात नाहीत, काम मुख्यतः घोट्याचं. पायाचा भार बराचसा टाचेवर राहतो, जोर थोडाच लागतो, आणि ब्रेकसाठी थाड्‌कन दाबायचा प्रसंगच येत नाही. जुन्या शिलाई मशीनचं पायडल ज्यानं घरात पाहिलंय त्याला ही चाल लगेच पायात बसेल. माझा सेट अजिबात सरकत नाही असा दावा नाही; खाली तीच रबरी चटई आहे. पण तिच्यावर तो आता बसून राहतो, आणि १४ वरच्या त्या शेवटच्या क्षणी माझं लक्ष वाऱ्याकडे असतं, पायांखाली काय चाललंय तिकडे नसतं. मला तेवढं पुरलं.

अडचण उघड आहे, ब्रेकचं काय? एअरबस-बोइंगवाल्यांना खरं तर काहीच नाही. ऑटोब्रेक लावा, उरलेलं एका बटणावर. ए३२० मध्ये पेडलनं नोजव्हील (नाकाखालचं चाक) जेमतेम सहा अंश वळतं, टॅक्सीची, म्हणजे जमिनीवर चालतानाची, खरी वळणं टिलरवर (हे चाक वळवायच्या छोट्या हँडलवर) घेतात, आणि तो पंचाहत्तर अंशांपर्यंत जातो. म्हणून एक सुचवतो: पेडल्स आल्यावर मोकळी झालेली स्टिकची ट्विस्ट टिलरला देऊन टाका. पार्किंगला वळताना इतकी मजा येते की ब्रेकची आठवण राहत नाही.

डीसीएस या युद्ध-सिम्युलेटरमध्ये जुनी लढाऊ विमानं उडवणाऱ्यांना तर टो-ब्रेक नसलेलंच जास्त खरं वाटेल. स्पिटफायरमध्ये ब्रेकचा लिव्हर स्टिकवरच असतो, आणि कुठल्या चाकाला जास्त ब्रेक लागणार हे रडरच्या स्थितीवरून ठरतं. मिग-१५ मध्येही तसंच.

खरी पंचाईत सेसनावाल्यांची. १७२ मध्ये पेडलनं नोजव्हील साधारण दहा अंश वळतं, त्याहून आखूड वळण हवं असेल तर एका बाजूचा ब्रेक लावावा लागतो. जुहूच्या रनवेवर उतरून तिथेच मागे फिरायचं म्हटलं की हे जाणवतं. मी डावा-उजवा ब्रेक थ्रॉटलवरच्या दोन बटणांना दिलाय. चालतं, पण बटण म्हणजे एकतर पूर्ण ब्रेक नाहीतर शून्य, त्यामुळे विमान गचके खात फिरतं. टेलव्हीलची (शेपटीखाली चाक असलेली) विमानं हा ज्यांचा मुख्य छंद आहे त्यांना हे चालणार नाही. त्यांनी माझं ऐकू नये.

आणखी दोन-तीन गोष्टी, सुट्या सुट्या.

टीएफआरपीच्या तारेचं टोक टेलिफोनच्या पिनेसारखं असतं, ते थ्रस्टमास्टरच्याच ठरावीक स्टिक-थ्रॉटलमध्ये जातं. तुमची स्टिक दुसऱ्या कंपनीची असेल तर यूएसबीचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तो किमतीत धरा. शिवाय त्यात पाय एकमेकांच्या बरेच जवळ येतात. सडपातळ माणसाला चालून जाईल, मला मांड्या आवळून बसल्यासारखं होतं. लॉजिटेकची बैठक त्या मानानं ऐसपैस आहे.

सेन्सरबद्दल फार खोलात जात नाही. स्वस्त सेटमध्ये पोटेन्शियोमीटर, महागांत चुंबकावर चालणारे. पोटेन्शियोमीटर झिजतो, त्यात धूळ जाते, आणि मग पाय स्थिर असूनही रडर थरथरतो. खिडकीबाहेर हायवे असेल तर हे लवकर होतं असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

आणि पाय उघडे असतात, हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडत नाही. ते लोक बूट घालून पेडलवर बसतात, आपण अनवाणी. धातूच्या पट्टीला धार किंवा भोकं असतील तर लांबच्या उड्डाणानंतर तळव्यावर नक्षी उमटते, आणि मे महिन्यात घामानं पाय निसटतो. मोजे घाला म्हणाल, तर आमच्याकडे मोजे घालून घरात बसलं की ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघतात. मी पट्ट्यांवर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळली आहे. दिसायला वाईट आहे, पायाला छान लागते.

तर सध्या माझ्या मनातला हिशेब असा: कायमची जागा आहे आणि छोटी विमानं आवडतात तर टो-ब्रेकवाला, फळीवर पक्का केलेला, बजेट सैल असेल तर लोलकाचा. रोज मांडायचं-आवरायचं असेल, टाइलवर बसायचं असेल आणि एका बाजूच्या ब्रेकवाचून अडत नसेल, तर टी-रडर एकदा तरी विचारात घ्या. ब्रेक नाहीत म्हणून यादीतून पहिल्यांदा त्यालाच काढू नका, एवढंच.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन बघा, स्टेशनवर भेटून पिशवी ताब्यात घेऊ नका. विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाका, प्रॉपर्टीज उघडा आणि एक-एक पेडल अगदी सावकाश टोकापर्यंत नेऊन परत आणा. पट्टी सलग सरकली पाहिजे. मधेच उडी मारत असेल, किंवा पाय काढल्यावर दर वेळी मध्यावर न येता वेगळ्याच जागी थांबत असेल, तर सेन्सर किंवा स्प्रिंग बदलायचा खर्च धरून भाव करा, किंवा सरळ चहा पिऊन परत या.