कीतोचा तेलेफेरिको: वीस मिनिटांत मिळणारी उंची

इक्वादोरची राजधानी कीतो मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर, पिचिंचा ज्वालामुखीच्या पूर्व पायथ्याशी लांबट पसरलेली आहे. त्याच ज्वालामुखीच्या उतारावर शहरातून चढणारा ‘तेलेफेरिको’ हा रोपवे २००५ साली सुरू झाला. त्यातून जाणारे बहुतेक लोक वरून शहराचे फोटो काढतात, झोपाळ्यावर बसतात आणि खाली येतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी नाही. याच ज्वालामुखीच्या रुकू पिचिंचा या शिखराच्या ४,६९६ मीटर उंच माथ्यावर एकट्याने जाऊन त्याच दिवशी परतण्यासाठी हा रोपवे कितपत उपयोगी पडतो, एवढेच मला पाहायचे होते.

वाहन म्हणून त्याला नावे ठेवायला जागा नाही. खालचे स्थानक सुमारे ३,१०० मीटरवर, तर वरचे क्रूस लोमाचे स्थानक ३,९५० मीटरच्या आसपास आहे, आणि मधले अडीच किलोमीटर अंतर केबिन वीसेक मिनिटांत पार करते. पायाखालची निलगिरीची झाडे मागे पडतात, पिवळट गवत सुरू होते आणि कीतोची घरे काड्यापेट्यांएवढी दिसू लागतात. अडचण इथेच आहे. रायगडावर रोपवेने गेलेला माणूस उतरल्याबरोबर होळीच्या माळाकडे चालू लागतो. क्रूस लोमाला उतरलेल्या माणसाला प्रसाधनगृहाच्या पायऱ्या चढतानाही दोनदा थांबावे लागते. माझ्या पाठपिशवीतले पुण्याहून आणलेले चिवड्याचे पाकीट वर पोहोचेपर्यंत उशीसारखे टम्म फुगले होते. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिथे हवेचा दाब सुमारे साठ टक्केच असतो, हे वाचून माहीत होते, पण पटले ते त्या पाकिटावरून बोट फिरवताना. रोपवे आपल्याला उंचीवर नेतो, शरीराची सवय मात्र मागे खालीच राहते. म्हणून कीतोत किमान तीन-चार दिवस राहिल्याशिवाय या वाटेला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट सुरुवातीला अगदी सोज्वळ आहे. पारामो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच गवताळ प्रदेशातून ती एका रुंद सोंडेवरून चढत जाते. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे कडक गवत असते आणि मधूनच चुकिराग्वाच्या झुडपांची नारिंगी फुले दिसतात. सोंड संपते तिथे कातळभिंत समोर येते. डावीकडे सरळ धारेवरून जाणाऱ्या वाटेला स्थानिक लोक ‘पासो दे ला मुएर्ते’, म्हणजे मृत्यूची वाट, म्हणतात. एकट्याने तिकडे फिरकू नये. नेहमीची वाट उजवीकडून कड्याखालून आडवी जाते आणि मग घसाऱ्यावर येऊन पडते. आपल्याकडच्या घसाऱ्यात निदान मुरूम तरी असतो. इथे निव्वळ ज्वालामुखीची राख आणि वाळू आहे, तीन पावले चढावीत तर दोन मागे सरकतात. दर वीस पावलांनंतर थांबायचे, असे मी ठरवले होते, पुढे ही संख्या बारावर आली.

याच घसाऱ्यावर माझी एक काठी अर्ध्यात मिटली. ती मी शहरातल्या एका दुकानातून भाड्याने घेतली होती. लांबी पक्की धरणारी तिची फिरकी झिजलेली होती आणि दुकानात जोर देऊन तपासण्याचा आळस मी केला, तेव्हा दोष निम्मा माझाही. भाड्याची काठी घेताना तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकून पाहावा. घसाऱ्यानंतरचा शेवटचा कातळटप्पा अवघड नाही, हात लावून चढता येतो. पण तिथे काठ्या पाठीला बांधाव्या लागतात, त्यामुळे मिटून आखूड होणारी काठीच न्यावी.

रुकू म्हणजे किचवा भाषेत म्हातारा, आणि त्याचा शेजारी ग्वाग्वा म्हणजे तान्हे मूल. म्हातारा केव्हाच शांत झाला आहे. कीतोवर १९९९ साली राख उधळली ती या बाळाने. त्या दिवशी माथ्यावर मला ढगांच्या वर फक्त कोतोपाक्सी ज्वालामुखीचे पांढरे टोक, तेही पाचेक मिनिटे, दिसले. बूगेर आणि ला कोंदामीन हे फ्रेंच शास्त्रज्ञ १७३७ साली पृथ्वीच्या मोजमापासाठी याच डोंगरावर तीन आठवड्यांहून अधिक काळ झोपडीत राहिले होते. मला पाऊण तासातच बोटे बधिर झाल्यामुळे उतरावेसे वाटू लागले.

रोपवेबद्दल खरी तक्रार त्याच्या वेळेची आहे. तो पर्यटकांच्या सोयीने चालतो, पहाटे नाही. या डोंगरावर दुपारनंतर ढग दाटतात, गारा आणि विजाही होतात, आणि उघड्या सोंडेवर आसरा नाही. त्यामुळे पहिली केबिन गाठणे भागच पडते. मला वर जाण्यास सव्वातीन तास आणि उतरण्यास दोन तास लागले. गडगडाट सुरू झाला तेव्हा मी स्थानकापासून दहा मिनिटांवर होतो. परतीची शेवटची केबिन कधी सुटते, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवावे.

एकट्याने जावे का? पूर्वी या वाटेवर लुटीचे प्रकार घडले आहेत, म्हणून मी मुद्दाम शनिवार निवडला. त्या दिवशी कीतोचे स्थानिक ट्रेकर मोठ्या संख्येने असतात आणि वाट चुकण्याचीही भीती उरत नाही. विषुववृत्तावरचे ऊन ढगांतूनही भाजते. मी कानटोपी घातली, पण नाकाला क्रीम लावायला विसरलो, आणि पुढचा आठवडाभर नाकाची साल निघत होती.

कीतोत आधी मुक्काम केलेल्या, सह्याद्रीत नियमित चालणाऱ्या माणसाला मी हा रोपवे पाचपैकी चार गुण देऊन सुचवेन. विमानतळावरून थेट येणाऱ्याने मात्र झोपाळ्यापर्यंतच जावे. तिथूनही शहर छान दिसते.